एक्केचाळीस सेकंद

३ जून

चि. खटपट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्राची सुरुवात खुशालीने करायची असते हे मला ठाऊक आहे, पण आज ते जमणार नाही. आज मला या कॉम्प्युटरची, त्यात व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रामची आणि ते प्रोग्राम लिहिणाऱ्या सगळ्या शहाण्यांची शिसारी आली आहे. तू शाळेतली जुनी यंत्रं जिवंत ठेवून पगार घेतोस, तेव्हा हे निस्तरायचं काम तुझं.

झालंय असं. आमच्या ग्रंथालयातला तो सात खंडांचा संच तुला आठवत असेल, अप्पांनी तीस वर्षांपूर्वी बांधलेला. सातवा खंड नळ फुटून भिजला. मी तो उसवला, सुकवला, पुन्हा शिवला आणि नव्या कातड्यात बसवला. आता राहिलीत ती फक्त पाठीवरची सोनेरी अक्षरं. नेमकी तीच मला येत नाहीत. बांधणीतलं सगळं अप्पांनी शिकवलं, पण पितळी ठशांच्या पेटीला कधी हात लावू दिला नाही. नवे ग्रंथपाल म्हणतात, पंधरा जुलैला संच कपाटात दिसला पाहिजे, नाहीतर सातही खंड बाहेर यंत्रावर पाठवतो. तिथे अप्पांची कातडी सोलून काढतील आणि वर रेक्झिन चिकटवतील. आणि मग बांधणीची खोली तरी कशाला ठेवायची, असंही त्यांनी हसत हसत विचारलं. त्या हसण्याचाच मला जास्त राग आला.

मी अप्पांना दोन दिवस येऊन जा म्हणून लिहिलं. उत्तर आलं की गुडघे दुखतात. त्याऐवजी शेजारच्या फोटोवाल्याकडून स्वतःचं सगळं काम चित्रित करून पेनड्राइव्ह पाठवला. चौदा मिनिटांत अकरा अक्षरं. सोबत एक ओळ, की फक्त हात बघ. आणि गंमत म्हणजे ती ओळसुद्धा छापील! छापून आलेल्या पत्राला नोटीस म्हणणारा हा माणूस, आणि यंदा त्याचं हे चौथं छापील पत्र. म्हाताऱ्याला उतारवयात फॅशन सुचली आहे.

आता तो हात बघायचा कसा? माझ्या खोलीतला कॉम्प्युटर म्हणजे सूची विभागाने टाकून दिलेला डबा. चित्र सुरू केलं की पंखा भणाणतो, आवाज नीट येतो आणि चित्र मात्र जागच्या जागी गोठतं. ठसा शेगडीवर दिसतो, आणि पुढचं चित्र येईतो तो कातड्यावर दाबून झालेला असतो. मधलं सगळं गायब. मला तर मधलंच हवं आहे! म्हणून मी इंटरनेटवरून दुसरा प्लेअर उतरवायला गेले, तर एका पानावर उतरवून घ्या अशी पाच हिरवी बटणं. मी सर्वांत मोठं दाबलं. आता कॉम्प्युटर उघडताच एक बाई मला वजन कमी करायला सांगते.

कोणता प्लेअर घेऊ ते लवकर लिही. फोन करू नकोस. कामाचं बोलणं कागदावर, हा घरचा नियम तू मोडलास तर वर्षअखेरीला घरातली सगळी पत्रं एकत्र बांधताना अप्पा मलाच विचारतील की मधलं पान कुठे गेलं.

तुझ्यावर माझा जीव आहे, पण उत्तर येईपर्यंत तो थोडा कमी समजावा.
तुझी ताई


८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला घाम फुटला. सर्वांत मोठं हिरवं बटण! ताई, अशा पानावर सर्वांत मोठं बटण कधीच खरं नसतं. खरं बटण कुठेतरी कोपऱ्यात, बारीक अक्षरात, लाजून बसलेलं असतं. त्या वजनवाल्या बाईला आधी घराबाहेर काढ. कसं काढायचं ते वेगळ्या कागदावर क्रमाने लिहिलं आहे.

हल्लीच्या प्लेअरांबद्दल तुला जे वाटतं, ते मला गेली दहा वर्षं वाटतं. त्याचं काम एवढंच, की चित्र दाखवायचं आणि गप्प बसायचं. पण नाही. एक आहे, त्याला मी सर्कस म्हणतो. उघडला की तुतारी वाजते, रंगीत दिवे नाचतात, आणि तेवढ्यातच तुझ्या डब्याची सगळी ताकद संपते. दुसरा आहे पोटभाडेकरू. एकदा आत घेतला की तुला न विचारता सगळ्या फाइलींवर स्वतःची पाटी लावतो आणि रोज नवी आवृत्ती घ्या म्हणून दार ठोठावतो. या दोघांना दारात उभं करू नकोस.

चित्र का गोठतं तेही सांगतो. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं. जुन्या यंत्राला तेवढी उलगडायला जमत नाही, मग आवाजाच्या बरोबरीने राहायला ते मधली चित्रं टाकून देतं. म्हणून प्लेअर असा हवा, की जो स्वतः काही खात नाही. माझ्याकडे एक आहे. करडी खिडकी, चार बटणं, तुतारी नाही, जाहिरात नाही. दिसायला इतका दरिद्री, की त्याला कोणी नावही धड ठेवलेलं नाही. शाळेतली मुलं त्याला मुका म्हणतात. तो सोबतच्या पेनड्राइव्हवर घातला आहे. त्याच्यात चित्र सुधारण्याच्या नावाखाली ज्या खुणा असतील त्या सगळ्या काढून टाक, आणि बघताना दुसरं काही उघडं ठेवू नकोस.

शिवाय कीबोर्ड पूस. मागच्या वेळी मी आलो होतो तेव्हा त्यात इतकी खळ साचली होती, की एक बटण दाबलं की तीन खाली जात होती.

अप्पांच्या छापील पत्रांचं म्हणशील तर मलाही तीन आली. शेवटी सहीसुद्धा छापलेली होती. मी चिडवून लिहिलं, की आता थेट वर्तमानपत्रच काढा. त्यावर काही उत्तर नाही.

रागावून का होईना, आठवण ठेवावी.
तुझा भाऊ


१५ जून

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

वजनवाली बाई गेली. जाताना तिने दोनदा विचारलं की तुम्ही नक्की विचार केला आहे ना. माझ्या सासूनेसुद्धा मला इतकं विचारलं नव्हतं.

तुझा मुका चांगला आहे. पहिल्यांदाच शेगडीवरची वाफ वाफेसारखी वर गेली. मागे भिंतीवर आपलं ते लाल काट्याचं घड्याळ दिसलं, आणि कोपऱ्यात मी लहानपणी फोडलेला चिनी मातीचा वाडगाही. मी खूश होऊन खुर्ची पुढे ओढली. पण बाबा रे, हात आला की पुन्हा तेच! अप्पा ठसा उचलतात, ओल्या स्पंजाला टेकवतात, कातड्यावर आणतात, आणि तिथे चित्र थडथडतं. हात मागेपुढे, मागेपुढे, आणि मग एकदम दाबलेला. बाकी चौदा मिनिटं लोण्यासारखी, आणि जिथे शिकायचं तिथे घाण. मी बावीस वेळा बघितलं. शेवटी मला डोळ्यासमोर काहीही हलताना दिसलं की मळमळायला लागलं.

तरी एका टाकाऊ कातड्यावर हात करून पाहिला. अंड्याचा पांढरा बलक लावला, वर सोन्याचा वर्ख ठेवला आणि ठसा दाबला. मनगट नक्की कुठे झुकवायचं ते दिसलंच नसल्यामुळे दोनदा दाबला गेला आणि अक्षराला सावली आली. अप्पांच्या भाषेत दारू प्यायलेलं अक्षर. मी ते कातडं कचऱ्यात टाकलं आणि वर चहाची भुकटी टाकली, म्हणजे ग्रंथपालांना दिसणार नाही.

अप्पांचा मूळ पेनड्राइव्हच पाठवते आहे. तुझ्याकडे ज्या काही सुऱ्या-कात्र्या असतील त्या चालव, पण मला ते अकरा क्षण स्वच्छ दिसले पाहिजेत. एक महिना राहिला आहे.

माया कळावी, घाई त्याहून जास्त कळावी.
तुझी ताई


२२ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

रोग सापडला! व्हिडिओ मी शाळेतल्या तीन वेगवेगळ्या यंत्रांवर लावला. तिन्हींवर नेमक्या त्याच जागी हात थडथडतो. म्हणजे दोष तुझ्या डब्याचा नाही आणि मुक्याचाही नाही. फाइलच मुळात खराब आहे. हा त्या फोटोवाल्याचा प्रताप. लग्नाचे फोटो काढणारा माणूस, त्याला हे चित्रण काय जमणार! कॅमेऱ्यात स्वस्तातलं कार्ड घातलं असेल आणि त्याने मधली चित्रं गिळली असतील. अप्पांनीही सगळा गाव सोडून त्यालाच धरलं.

पण काळजी सोड. मी दोन संध्याकाळी बसून त्या खराब जागा एकेक करून कापून काढल्या. अकरा तुकडे, सगळे मिळून एक्केचाळीस सेकंद. तुकड्यांच्या आत काहीही कामाचं नव्हतं, आवाजसुद्धा नव्हता, नुसती थडथड. मग उरलेलं सांधून चित्र आकाराने लहान केलं, म्हणजे तुझ्या डब्यालाही सोपं जाईल. आता बघ. ठसा उचलला, टेकवला, दाबला. अप्पांचा हात असा चालतो की मला शाळेत टाळी वाजवावीशी वाटली. चाळीस वर्षांपूर्वी आपण टेबलाखाली बसून बघायचो ना, तसाच.

स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण हे काम मी फार सुंदर केलं आहे. सोबत पाठवतो. सातव्या खंडावर माझंही नाव घालायला हरकत नाही.

असंच कौतुक करत राहावं.
तुझा भाऊ


२८ जून

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

हात दिसला. तुझे उपकार. मनगट उजवीकडे झुकवून आधी अक्षराचं डोकं टेकवायचं आणि मग पायाकडे लोळवायचं, हे इतक्या वर्षांनी कळलं. अप्पांनी हे एवढंसं गुपित जन्मभर पेटीत कुलूप लावून ठेवलं, याचाही थोडा राग आलाच.

पण काम अजून होत नाही. सावली गेली, आता कातडं करपतं. मी व्हिडिओ लावून अगदी त्यांच्याबरोबरीने करते. ते उचलतात तेव्हा उचलते, ते दाबतात तेव्हा दाबते, आणि तरी दरवेळी सोन्याच्या कडेने काळी रेघ आणि जळक्या कातड्याचा वास. खोलीभर तो वास बसला आहे. माझ्या केसांना येतो, पदराला येतो, जेवताना घासाला येतो. नऊ कातडी वाया गेली. मला आता सोनं बघितलं तरी उलटी येईल असं झालं आहे.

आणि तुझा मुकाही शेवटी त्यातलाच निघाला. वेळ मोजायला म्हणून मी मागचं घड्याळ बघायला लागले, तर दर अक्षराच्या वेळी लाल काटा टुणकन चार घरं पुढे! हात कसा छान चालतो आणि घड्याळ मात्र उडी मारतं. एवढ्याशा डब्यात एकाच वेळी दोन गोष्टी नीट दाखवायला काय होतं रे याला? दुसरा कोणता प्लेअर असेल तर सांग. नसेल तर सगळं उचलून खिडकीबाहेर टाकते.

अप्पांना मी आजच एक सणसणीत पत्र टाकलं आहे. लिहिलं, की तुमच्या त्या फोटोवाल्याने अत्यंत गलिच्छ काम केलं, ऐन मोक्याच्या जागी सगळा कचरा होता, तो खटपट्याने कापून काढला म्हणून हात तरी दिसला, पण कातडं अजून करपतंच. त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका. थोडं तिखट झालं असेल, पण कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

जीव लावतोस तसा जरा मेंदूही लावावास.
तुझी ताई


३ जुलै

ताई,

आज नमस्कार लिहायची माझी लायकी नाही.

घड्याळाचं वाचलं आणि मी मूळ फाइल पुन्हा मुक्यावर लावली. या वेळी हाताकडे न बघता फक्त घड्याळ बघितलं. चौदा मिनिटं लाल काटा एकेक घर चालतो. कुठेही अडखळत नाही, कुठेही उडी मारत नाही. शेगडीची वाफ सरळ वर जाते. आणि त्याच वेळी, त्याच चित्रात, अप्पांचा हात थडथडतो.

चित्र नाही ताई. हात.

फाइल खराब व्हायची तर कुठेही झाली असती. ती दर अक्षराच्या आधी मोजून अकरा वेळा कशी होईल? हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. मी ही यंत्रं हाताळत म्हातारा झालो, आणि मला यंत्राचा कंप आणि माणसाचा कंप यातला फरक कळला नाही. तुझं घड्याळ मुक्यामुळे उडत नव्हतं. ते मी कापलेल्या जागी उडत होतं. अप्पांचा आजार मी कचरा म्हणून काढून टाकला आणि वर स्वतःची पाठ थोपटली. मला माझ्या या दोन बोटांची किळस येते आहे.

नियम मोडून मी फोटोवाल्याला फोन केला. आधी बोलायलाच तयार नव्हता, अप्पांनी कोणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं म्हणे. गेल्या हिवाळ्यापासून हात कापतो. तेव्हापासून अप्पा पत्रं तोंडी सांगतात आणि हा दुकानात छापून देतो. त्याने तर तो कंप काढून टाकू का असं अप्पांना विचारलंही होतं. अप्पा नको म्हणाले. का, ते त्याला सांगितलं नाही. आणि या बिचाऱ्याला मी लग्नाचे फोटो काढणारा म्हणून हिणवलं.

वर्तमानपत्र काढा असं लिहिलं होतं मी त्यांना. ते पत्रही वर्षअखेरीला बांधलं जाणार.

तू पाठवलेलं सणसणीत पत्र आता परत येत नाही. मी सुट्टी टाकतो आहे, पाच तारखेनंतर त्यांच्याकडेच असेन. तुकडे मी पुसलेले नाहीत. मूळ फाइल जशीच्या तशी सोबत आहे.

रागावलीस तर मला मंजूर आहे.
तुझा भाऊ


४ जुलै

चि. पोरीस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस. पेन्सिल आहे आणि तीन दिवस थोडं थोडं लिहितो आहे. हे पत्र दुकानात सांगून छापण्यासारखं नव्हतं, कारण ते दुकानदाराबद्दलच आहे. त्याच्यावर राग काढू नकोस. त्याचा कॅमेरा चांगला आहे. जो कचरा होता तो माझा होता.

तुला सांगायला हवं होतं. पण या हाताची मला फार शिसारी आली होती. एकदा कप सांडला, एकदा सदऱ्याचं बटण लागेना. ज्या हाताला लोक मान द्यायचे तो आपलाच हात ताटात भाताशी मारामारी करताना बघवत नाही. तुझ्यासमोर ते दिसायला नको म्हणून गुडघ्याचं निमित्त केलं. गुडघे उत्तम आहेत.

पण काम शिकवायचं होतं तेव्हा लपवलं नाही. ते तुकडे मी मुद्दाम ठेवायला लावले. करपतं म्हणून लिहिलंस ना? करपणारच. ठसा शेगडीवरून आला की लगेच दाबायचा नसतो, स्पंजाला टेकवला तरी आतली धग उरते. पूर्वी मी कातड्यावर ठसा धरून मनात चार मोजायचो. आता मोजत नाही. करंगळी फळीवर टेकवतो आणि हात शांत होण्याची वाट बघतो. शांत व्हायला तेवढाच वेळ लागतो, आणि तेवढ्यात धग उतरते. मला वाटलं, पोर बघेल आणि समजेल. खटपट्याने नेमकी तीच वाट बघणं कापलं. त्याला बोलू नकोस, त्याला घाणीत ठेवलेली वस्तू कधी आवडलीच नाही.

पेटी आधी दिली नाही कारण एका घरात दोन हात ठसे दाबायला लागले की अक्षरं दोन तऱ्हेची होतात असं मला वाटायचं. तो माझा अहंकार होता. खटपट्या इथे येतो आहे असा दुकानात निरोप आला आहे, पेटी त्याच्याबरोबर पाठवतो.

जिथे अक्षर लागणार नाही तिथे थांबून वाच.
अप्पा


१६ जुलै

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी थांबून वाचलं. दोन ठिकाणी फार वेळ थांबावं लागलं, पण तिथे दोष अक्षराचा नव्हता.

तुम्हाला जे लिहिलं होतं, त्याची लाज मी इथे लिहीत बसत नाही. गलिच्छ हा शब्द मी वापरला होता. तो आठवला की मला आरशात बघवत नाही. फोटोवाल्यांना वेगळं पत्र लिहिलं आहे.

खटपट्या पेटी घेऊन अकराला आला, आणि बाराला मी बसले. कापलेला व्हिडिओ आम्ही दोघांनी मिळून पुसला. तुमचा मूळ व्हिडिओ लावला, त्याच टाकाऊ डब्यावर, त्याच मुक्यावर. तुमचा हात यायचा, थडथडायचा, तुमची करंगळी टेकायची. मी माझी टेकवायची. तुमचा हात शांत झाला की आपण दोघांनी बरोबर दाबायचं. अकराही अक्षरं तशीच झाली. एकही करपलं नाही. शेवटच्या अक्षराला तुमचा हात लवकर थांबेना, सहा सेकंद लागले. मीही सहा सेकंद थांबले. ते अक्षर जरा फिकं उतरलं आहे. मी ते तसंच ठेवलं.

काल ग्रंथपालांनी सातही खंड टेबलावर ओळीने उभे केले आणि चष्मा लावून नवा कोणता ते शोधत बसले. शेवटी पाचव्यावर बोट ठेवलं. मी त्यांना सांगितलं की तो तुमचा आहे. खोलीबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत, आणि हसलेही नाहीत.

या वर्षीची पत्रं बांधायला तुमच्याकडे येणार नाहीत. ती मी बांधणार, आणि पाठीवर अक्षरंही मीच दाबणार. माझं ते तिखट पत्र जपून ठेवलं असेल तर तेही पाठवा. सगळी आत जातील. कडा सारख्या करायलासुद्धा मी एकही पान कापणार नाही.

पुढच्या महिन्यात मी येते आहे. ताटातला भात सांडला तर सांडू दे. आणि यापुढे छापील पत्र आलं तर मी ते न वाचता परत करीन.

लोभ आहेच. अक्षर मात्र हाताचं असावं.
तुमची पोर